आईच्या हातातल्या मुंग्या

माझ्या बाबांनी आयुष्यात कुठलीही सूचना अर्धवट पाळलेली नाही. तहसिलीत उभा जन्म कारकुनी केलेला माणूस. वरून आदेश आला की तो का आला हे विचारायचं नसतं, अंमलबजावणी करायची असते, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. घरात पहिल्यांदा सिलिंडर आलं तेव्हा ते जोडणाऱ्या माणसानं सांगितलं होतं की झोपताना रेग्युलेटर बंद करत जा. तेव्हापासून बाबा रोज झोपण्याआधी स्वयंपाकघरात चक्कर मारतात. आई ओरडून सांगते, "अहो, मी केलंय बंद!" बाबा म्हणतात, "बघून येतो." बघून येतात आणि मगच पाठ टेकतात.

करमाडच्या बाजूला आमचं गाव आहे. तिथं बाबांच्या लहानपणी त्यांच्या चुलत्याला जोड्यात बसलेला विंचू चावला होता. त्यामुळे बाबा आजही शहरात, पुंडलिकनगरातल्या आमच्या फरशीच्या घरात, बूट घालण्याआधी दोन्ही बूट दोनदा आपटतात. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, तर घड्याळ लावून अर्धा तास. फिरून घराच्या फाटकापर्यंत आले आणि दोन मिनिटं कमी भरत असली, तर फाटकासमोरच येरझाऱ्या घालतील, पण आत येणार नाहीत. गल्लीतल्या बायकांना वाटतं, काकांना घरात घेत नाहीत की काय.

अशा त्यांच्या सवयी किती म्हणून सांगाव्यात. त्यांतच एक होती शनिवारच्या बादलीची. शनिवारी सकाळी अंघोळ झाली की बाबा एक बादली पाणी घेऊन घरामागच्या बोळीत जायचे. तिथं वर पत्रे टाकलेले आहेत, खाली अडगळ, आणि कोपऱ्यात जमिनीवर शहाबादी फरशीचा एक तुकडा. तो तुकडा बाजूला सारायचा, बादली हळूहळू जमिनीत जिरवायची, फरशी परत जागेवर. आईची पक्की समजूत होती की हे शनीचं काहीतरी आहे. मलाही तसंच वाटायचं. बाबांना कधी कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्याची त्यांना सवय नाही.

आता माझं सांगते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांच्या दंडाला पट्टा आवळून रक्त काढायचं आणि दुपारपर्यंत त्यांच्या शरीरात काय चाललंय ते कागदावर आणायचं, हा माझा धंदा. लग्न केलं नाही, आईबाबांकडेच राहते, आणि चाळिशी उलटल्यापासून या घराची सूत्रं आपल्या हातात आहेत असा माझा समज आहे. आवाज मोठा आहे. राग लवकर येतो आणि त्याहून लवकर जातो, पण मधल्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी आईला शुगर निघाली. तो आकडा सगळ्यांत आधी मीच पाहिला, आमच्याच लॅबच्या मशीनवर. दोनदा मशीन चालवलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि घरी येऊन हुकूमशाही सुरू केली. भात अर्ध्यावर आणला. साखरेचा डबा माळ्यावर गेला. ज्वारीची भाकरी, मेथी, उसळी, जेवल्यावर शतपावली. आईनं सगळं ऐकलं, फक्त चहाच्या बाबतीत तिनं जे तोंड केलं ते बघून मलाच वाईट वाटलं. "बिनसाखरेचा चहा म्हंजे नुसतं गरम पाणी की गं माय," ती म्हणाली, आणि एका घोटात पिऊन टाकला.

शुगरवाल्या माणसानं अनवाणी चालू नये, पायाला काही लागलं तर कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून घरात घालायला मी तिला मऊ रबरी चपला आणल्या. त्या तिनं मान्य केल्या, पण दोन अटींवर. देवघरात चपला नाहीत आणि पिण्याचं पाणी भरताना चपला नाहीत. "पाणी बी देवच हाय," एवढंच तिचं म्हणणं. मी पुष्कळ डोकं लावलं. विहिरीवरून डोक्यावर पाणी आणण्यात जिचं बालपण गेलं, तिच्याशी या विषयावर वाद घालून उपयोग नव्हता. मीच गप्प बसले.

आमच्याकडे नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हळहळतो, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पाण्याचा दिवस म्हणजे घरात कार्य असल्यासारखं. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात बाबा निळ्या पेनानं 'पाणी' असं लिहून ठेवतात. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही आणि पाहुण्यांना बोलवत नाही. नळाची धार करंगळीएवढी असते, त्यामुळे तिला मोटर लावून ओढावं लागतं. हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे. गल्लीत सगळ्यांकडे आहे, आमच्याकडेही होती, आणि हे लिहिताना लाज वाटते आहे. अंगणात हौदाच्या कडेला ती मोटर. तिच्यापासून निघालेला जुना लोखंडी पाइप हौदात जातो, आणि त्या पाइपावर मध्येच एक पितळी नळ आहे. मोटर चालू झाली की आधी या नळावर पिण्याचं ताजं पाणी भरायचं, मग हौद. बाबा आत बटणापाशी उभे. आई साडीचा काचा मारून, पदर खोचून, अनवाणी, ओल्या फरशीवर नळापाशी. मी घागरी आणि कळशा उचलून आत नेणार. वर्षानुवर्षं अशीच वाटणी चाललेली.

गेल्या वर्षी होळीच्या आसपासच पाण्याचे हाल सुरू झाले. नऊचे अकरा दिवस झाले. हौदाचा तळ दिसायला लागला. मी भांडी घासायला मोजकं पाणी काढून देत होते, अंघोळीला एकच बादली असा फतवा काढला होता, आणि अशा एका शनिवारी बाबा भरलेली बादली घेऊन बोळीकडे निघालेले दिसले.

"बाबा, कुठं निघालात?"

"शनिवार आहे ना."

"म्हणून जमिनीला पाणी पाजायचं?"

"अगं, त्या वायरमननं—"

"कुणी काय सांगितलं ते राहू द्या हो. माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही शनीला अंघोळ घालताय! शिकलेल्या माणसांनी तरी असं करू नये. आजपासून हे बंद."

बाबा बादलीसकट मागे वळले. मग आत गेले आणि त्यांनी ती बाथरूमच्या पिंपात ओतली. पुढच्या शनिवारी ते बोळीकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, चला, एक अंधश्रद्धा तरी घरातून गेली. लॅबमध्ये मैत्रिणींना हा किस्सा मी तिखटमीठ लावून सांगितला, आणि आम्ही पोट धरून हसलो.

एप्रिलच्या सुरुवातीला आईनं पहिल्यांदा मुंग्यांची तक्रार केली. भाकरी थापता थापता म्हणाली, "सकाळधरनं हाताला मुंग्या आल्यात बघ. कोपरापत्तूर."

शुगर जुनी झाली की नसांवर परिणाम होतो आणि हातापायांना मुंग्या येतात, हे मी रोज लोकांना सांगत असते. आता ते माझ्या घरात आलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टाचणीनं पाय टोचून पाहिले, थंड-गरम कळतं का ते पाहिलं. म्हणाले, "पायांना सगळं व्यवस्थित कळतंय. शुगरच्या मुंग्या बहुतेक वेळा पायांपासून सुरू होतात. यांना नुसत्या हातालाच कशा?" त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, आणि मुंग्या कधी येतात त्याची नोंद ठेवायला सांगितलं.

रिक्षात आई म्हणाली, "मी सांगू का, नळाला हात लावला की येत्यात. नळ चावतो."

मी हसले. खरंच हसले. "आई, नळाला काय दात असतात?"

"चावतो म्हंजे... झिणझिण करतंय. बरं, नसंल."

आई नोंद ठेवू लागली तिच्या पद्धतीनं. मुंग्या आल्या की कॅलेंडरवर त्या तारखेला एक टिकली चिकटवायची. लाल टिकली, पाकिटातली. मी येता-जाता ते बघत होते आणि टिकल्या वाढल्या की माझा पारा चढत होता. कारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तिची शुगर त्याच सुमाराला मी तपासली होती, आणि ती चांगली होती. आधीपेक्षा पुष्कळ चांगली. मग मुंग्या का? मला एकच उत्तर सुचलं. तपासणीच्या आधी ही पथ्य पाळते, आणि एरवी माझ्या पाठीमागे गोड खाते.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजूनही त्रास होतो. एका दुपारी शेजारच्या काकू आमच्याकडे बसल्या होत्या, आणि त्यांच्यादेखत मी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायला लागले. गुळाच्या डब्यात ढेपेचा एक कोपरा फुटलेला दिसला. मी तो डबा तसाच बाहेर आणून आईसमोर ठेवला. म्हणाले, "हे काय आहे? मी उन्हातान्हात मरमर करते, तुझ्या गोळ्या आणते, आणि तू लहान पोरासारखी चोरून गूळ खातेस? म्हणून मुंग्या येतात तुला."

आईनं डब्याकडे बघितलं. "आमटीला टाकला गं परवा. एवढासा."

"खोटं बोलू नको."

काकू उठून गेल्या. आईनं डब्याला झाकण लावलं आणि तो आत नेऊन ठेवला. संध्याकाळी ती माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझी शपथ. नाय खाल्ला." मी पेपरात तोंड घालून बसले होते. मान वर केली नाही. त्यानंतर कॅलेंडरवर टिकली लागली नाही. मला वाटलं, बघा, रागावलं की कसं ताळ्यावर येतं माणूस.

तिच्या मुंग्या थांबल्या नव्हत्या. तिनं सांगणं थांबवलं होतं.

जूनच्या सुरुवातीचा रविवार. आभाळ कोरडं ठणठणीत, ऊन सकाळी आठालाच भाजत होतं, आणि पाण्याचा दिवस होता. आईची आदल्या दिवसापासून कंबर धरली होती, म्हणून मी तिला पायरीवर बसवलं आणि तिची जागा घेतली. बाबा आत बटणापाशी. त्यांनी हाळी दिली, "लावू का?" मी म्हटलं, "लावा." मोटर घरघरली. मी नळाकडे हात नेला, तोच पायरीवरून आवाज आला.

"चपला काढ आधी. पिण्याचं पाणी हाय."

"आई, एक दिवस—"

"नाय. काढ."

कटकट नको म्हणून मी चपला भिरकावल्या, ओल्या फरशीवर पाय ठेवले आणि नळ धरून फिरवला.

काय झालं ते मला कळलंच नाही. दंडापर्यंत कुणीतरी हात पिळून काढावा तसं झालं, आणि पुढच्या क्षणी मी फरशीवर बसलेली. कळशी गडगडत फाटकापर्यंत गेली. हात माझाच आहे की नाही कळत नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की अरे देवा, मलाही शुगर झाली. हे आठवून आता हसू येतं. तेव्हा दुसरा विचार यायला एक क्षण गेला असेल: नळात करंट आहे, आई म्हणत होती तो चावणारा नळ हाच.

नळ अर्धवट उघडा राहिला होता. अकरा दिवसांनी आलेलं पाणी फरशीवरून भळाभळा नालीत चाललं होतं. आणि आई, कंबर धरलेली माझी आई, मी पडले हे बघून तटकन उठली होती. पण आमच्या घरातल्या बाईला वाया जाणारं पाणी आधी दिसतं. "अगं, पाणी चाललं सगळं!" असं म्हणत ती अनवाणी पायांनी, हात पुढे करून नळाकडेच निघाली होती.

मला ओरडायचं होतं, "हात लावू नको." तोंडातून नुसताच काहीतरी घोगरा आवाज निघाला. तिची बोटं नळापासून वीतभर अंतरावर असतील. मी बसल्या जागेवरून झेप घेतली, तिचा पदर धरला आणि जीव खाऊन ओढला. ती माझ्या अंगावर आली. आम्ही दोघी पाण्यात. मग मला आवाज फुटला आणि मी अशी किंचाळले की गल्ली बाहेर आली. "बाबा, बंद करा! मेन बंद करा!"

बाबांनी का म्हणून विचारलं नाही. खटकन आवाज झाला आणि मोटर थांबली. आई माझ्या मांडीवर पडल्या पडल्या विचारत होती, "लागलं का गं तुला? कुठं लागलं?" मी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि नुसती बघत राहिले. भाकरी थापून रुंद झालेले ते तळवे. दर पाण्याच्या दिवशी याच हातांनी तिनं तो नळ धरला होता. तिला झटका बसत होता, दर वेळी थोडा जास्त, आणि मी तिला गूळ खातेस म्हणत होते.

दवाखान्यात दोघींच्या हृदयाचे आलेख काढले. ठीक होते. दुपारी बाबांनी वायरमनला बोलावलं. घर बांधलं तेव्हा वायरिंग करणारा तोच माणूस, आता दाढी पांढरी झालेली. त्यानं मोटरीला तारा लावून बघितल्या, पाइपाला टेस्टर लावला, मान हलवली. मग सरळ बाबांकडे वळला.

"चाचा, अर्थिंग को पानी डालते ना आप? मैं बोला था, हर हफ्ते एक बालटी."

मी बाबांकडे बघितलं. बाबा हौदाकडे बघत होते.

"भूल गया मैं," बाबा म्हणाले. "वय झालं. राहून गेलं माझ्याकडून."

वायरमन बोळीत गेला, फरशीचा तो तुकडा त्यानं बाजूला केला आणि मला हाक मारली. "ये देखो दीदी." खाली एक खड्डा होता. त्यात मीठ-कोळसा भरलेला आणि मधोमध एक लोखंडी नळी. सगळं वाळून खडखडीत झालेलं. हाताला नुसती राख लागत होती. त्यानं समजावून सांगितलं. मोटर जुनी झाली, तिच्या आतल्या तारा ओलावा धरायला लागल्या, की थोडा करंट बाहेर गळतोच. तो या तारेवाटे जमिनीत जावा म्हणून हा खड्डा. पण खड्डा ओला असेल तरच तो करंट पोटात घेतो. वर पत्रे, त्यामुळे इथं पावसाचंही पाणी पोचत नाही. खड्डा कोरडा पडला की करंट दुसरी वाट बघतो. "और वो वाट आपके अम्मी के हात से जा रही थी," तो म्हणाला. "नंगे पाव, गीली फरशी. नसीब समझो."

मी तिथंच अडगळीतल्या एका डब्यावर बसले. बाबांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलेलं मी ऐकलं होतं, आणि वायरमनसमोर तोंड उघडायची माझी हिंमत झाली नव्हती.

त्यानं मोटर दुरुस्तीला नेली. आता बसवू नका, बसवली तर आधी मला बोलवा, असं बजावलं. मेनच्या डब्यात एक छोटं यंत्र बसवलं, जे असा करंट गळायला लागला की आपोआप खटका पाडतं आणि सगळं बंद करतं. त्यावर एक बटण आहे. महिन्यातून एकदा ते दाबून यंत्र चालतंय का बघायचं आणि खड्ड्याला दर आठवड्याची बादली परत सुरू करायची, असं त्यानं बाबांना सांगितलं. बाबांनी लगेच कॅलेंडरवर खूण केली, आणि तेव्हा मागची पानं उलटून ते कॅलेंडर मी पहिल्यांदा नीट बघितलं. आईची प्रत्येक लाल टिकली 'पाणी' लिहिलेल्या चौकोनात होती. एकही दुसरीकडे नव्हती. कित्येक आठवडे ते माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेलं होतं. दुसऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट वाचणाऱ्या मला घरचं कॅलेंडर वाचता आलं नव्हतं.

मी आईपाशी गेले. माफी मागायची म्हणून घसा साफ केला, तर तिचं वेगळंच चाललेलं. डोळे चमकत होते.

"म्हंजे मुंग्या करंटच्या व्हत्या? शुगरच्या नाय?"

"नाही गं."

"मंग माझी शुगर बरी हाय?"

"बरी आहे. खूप बरी आहे."

"मंग चहात एवढासा गूळ टाकला तर?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. मी तिच्या कुशीत डोकं घातलं आणि मोठ्यानं रडले, लहानपणी रडायचे तशी. "आई, तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. लोकांसमोर तुला खोटं पाडलं." ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "लई बोललीस त्या दिवशी. वाईट वाटलं मला. शेजारणीपुढं नव्हतं बोलायचं." तेवढं बोलून तिनं तिच्याकडून विषय संपवला. "आता नाक पूस," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या ओट्यावर सगळं सांगून आले. ते मला करायचंच होतं.

बाबांशी बोलायचं मात्र राहिलं होतं. ते मी दोन दिवस पुढे ढकललं. ते नेहमीसारखेच वागत होते, आणि त्यानं मला जास्त अवघड होत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चालून आले, ओट्यावर बसून बूट काढत होते. मी शेजारी बसले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं ते पाणी कशासाठी असतं?"

"असं नीटसं नाही. वायरमननं सांगितलं होतं, टाकत जा, घराला बरं. मी टाकत गेलो."

"मग मी बंद करा म्हटलं तेव्हा भांडला का नाहीत माझ्याशी? एकदा तरी म्हणायचं, की नाही, मी टाकणार. मला ओरडायचं. तुम्ही गप्प राहिलात आणि आई..."

बाबांनी दुसरा बूट काढला, शेजारी नीट जोडून ठेवला. माझ्याकडे बघितलं ते जरा गोंधळूनच. मी काय विचारते आहे ते त्यांना खरंच कळत नव्हतं.

"अगं, तो वायरमन," ते म्हणाले, "सातवी-आठवी शिकलेला. त्याचं मी एवढी वर्षं ऐकलं. तू तर एवढी शिकलीस. तू सांगितलंस म्हणजे त्याच्याहून बरोबरच असणार की."

मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्याकडे बापाचा हात असा उगाच धरायची पद्धत नाही. म्हणून मी त्यांचं मनगट पकडलं आणि अंगठ्याच्या बाजूला बोटं ठेवून घड्याळाकडे बघायला लागले. चालून आल्यावर बघावी लागते नाडी, असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी लगेच हात सैल सोडला आणि एकदम स्तब्ध बसले, मोजण्यात चूक होऊ नये म्हणून. डोळ्यांतल्या पाण्यानं मला घड्याळ दिसत नव्हतं. मिनिट होऊन गेलं, दोन झाली असतील. हात काढून घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

"किती भरली?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बहात्तर," मी म्हटलं. मी मोजलीच नव्हती.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि निर्धास्त मनानं आत गेले.